वादळ ओसरल्यानंतर

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो,

वैशाखांतील एखादी संध्याकाळ आठवून पाहा. दिवसभर ऊन असें कीं गच्चीवर पाय टेकवत नाहीं. पांचाच्या सुमारास वारा अगदीं पडतो; झाडाचें पानहि हलत नाहीं; आणि मग दूर क्षितिजावर एक तांबूस भिंत उभी राहिलेली दिसते. ती धुळीची भिंत होय. घरांतील बायका दोरीवरचे कपडे काढावयास धांवतात, मुलें खिडक्या लावूं लागतात, तोंच वारा येऊन थडकतो. कोठें पत्रा खडखडतो, कोठें गुलमोहराची फांदी कडाडते, तारांवर एक निळा उजेड चमकतो आणि सारी आळी अंधारांत बुडते. वीस-पंचवीस मिनिटांत सर्व आटोपतें. पावसाच्या चार सरी येतात, मातीचा वास सुटतो आणि आपण म्हणतों, 'सुटलों एकदांचे !'

छत्रपति संभाजीनगरांत राहणाऱ्या कोणासहि हें चित्र नवें नाहीं. मला आज सांगावयाचें आहे तें एवढेंच, कीं आपण 'सुटलों' म्हणतों त्या क्षणींच आपली खरी परीक्षा सुरू होते. वाऱ्याचीं तीं वीस मिनिटें आपल्या हातीं नसतात. त्यानंतरचे दोन दिवस मात्र बव्हंशीं आपल्या हातीं असतात. वाऱ्यानें ज्याच्या केंसासहि धक्का लावला नाहीं, असा माणूस वारा थांबल्यावर केलेल्या एखाद्या घाईनें प्राणास मुकूं शकतो.

हा वारा येतो कोठून, हें आधीं पाहूं. चैत्र-वैशाखांत मराठवाड्याचें पठार तापतें. तापलेली हवा वर चढते, तिच्यासह बाष्पहि वर जातें, आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. त्या ढगांतून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेंतून येतांना बराचसा वाटेंतच सुकतो. ओलें फडकें वाळतांना जसें गार पडतें, तशी ही हवाहि गार होते. गार म्हणून जड होते आणि जड म्हणून खालीं कोसळते. जमिनीवर आपटल्यावर तिला चोहोंकडे पसरण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून पावसाच्या आधीं वारा येतो. आणि म्हणूनच सिडकोंत झाडें आडवीं व्हावीं आणि छावणींत पानहि हलूं नये, असेंहि घडूं शकतें.

ह्या वाऱ्याच्या बळाविषयीं आपला अंदाज नेहमीं चुकतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या दर चौरस मीटरास सुमारें १७ किलो भाराइतका रेटा देतो. वेग दीडपट होऊन ९० झाला, तर रेटा दीडपट होत नाहीं. तो सव्वादोनपट, म्हणजे ३८ किलो होतो. वेग दुप्पट झाला कीं रेटा चौपट. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा एक पत्रा घ्या. ताशीं ९० किलोमीटरांचा वारा त्याच्या खालीं शिरला, तर त्याला उचलणारें बळ शंभर किलोंहून अधिक भरतें. त्या पत्र्यावर चार-पांच दगड ठेवून निश्चिंत होण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती किती घातक आहे हें ह्यावरून ध्यानीं येईल. ते दगड पत्र्यास धरून ठेवीत नाहींत. पत्रा उचलला गेला कीं ते आंत निजलेल्या माणसांच्या अंगावर पडतात. आपलें घर सिमेंटचें असेल. परंतु जिन्यावरचें छप्पर, मोटारीची शेड आणि पहारेकऱ्याची खोली बहुधा पत्र्याचीच असते. तेथील दगड उतरवून पत्रे खालच्या कैंचीस आंकडे व बोल्ट यांनीं आवळून घेणें, हें आपलेंच कर्तव्य आहे.

आतां वारा थांबला आहे, असें समजूं. बाहेर जाऊन काय मोडलें तें पाहण्याची इच्छा अनावर होते. येथें पहिला नियम असा, कीं पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असेंच मानावें. गल्लींत अंधार आहे, म्हणून तार मेलेली आहे, असें अनुमान काढणें फार धोक्याचें आहे. उपकेंद्रांतून वीज पुन्हां चालू करून पाहतात, आणि निपचित पडलेली तार त्या क्षणीं जागी होते. तारेपासून निदान दहा मीटर दूर राहावें. तारेभोंवतींच्या ओल्या जमिनींतहि वीज पसरलेली असते. म्हणून तारेजवळ अवचित जाऊन पोंचल्यास लांब ढांगा टाकून पळूं नये. दोन्ही पावलें जुळलेलीं ठेवून, तीं न उचलतां, जमिनीवरून इंच इंच सरकवीत मागें यावें. तारेवर पडलेली फांदी ओढूं नये. कपडे वाळविण्याची लोखंडी तार, पत्र्याचें कुंपण, लोखंडी फाटक, ह्यांवर वरून एखादी तार टेकली आहे काय, हें लांबूनच पाहावें. मुलांस तेवढा वेळ घरांतच ठेवावें. तार पडल्याची वर्दी १९१२ ह्या क्रमांकावर देतां येते. कोणाच्या जिवावर बेतलें असल्यास ११२ वर.

दुसरा नियम घरांतला. वीज जातांच मेन स्विच बंद करावा. ह्याचें कारण पुष्कळांस ठाऊक नसतें. खांबावरील तारांत न्यूट्रल म्हणून जी तार असते, ती वाऱ्यानें तुटली तर आपल्या घरांत २३० व्होल्टांच्या जागीं चारशेंच्या आसपास दाब येऊं शकतो. कांहीं दिवे अवचित लखलखूं लागले आणि कांहीं मंदावले, तर हीच ती खूण होय, असें समजून विलंब न लावतां मेन बंद करावा. एरवीं शीतकपाट, दूरदर्शन, पाण्याची मोटर, सर्व एका झटक्यांत जळून जातें, आणि कधीं कधीं आगहि लागते. वीज परत आल्यावरहि आधीं एक दिवा लावावा, पांच-दहा मिनिटें त्याचा उजेड स्थिर आहे असें पाहावें, आणि मगच एकेक यंत्र जोडावें.

तिसरा नियम दुसऱ्याच्या जिवाचा आहे. घरीं जनित्र असेल, तर दोन्हीकडे खिळे असलेली वायर करून तें भिंतींतील सॉकेटास कधींहि जोडूं नये. असें केल्यानें आपली वीज उलट वाटेनें खांबावर जाते. रोहित्रांत, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतों त्यांत शिरून तिचा दाब हजारों व्होल्टांपर्यंत चढतो. आणि तार मेलेली आहे ह्या विश्वासानें खांबावर चढलेला लाइनमन प्राणास मुकतो. आपल्यासाठीं भर पावसांत राबणाऱ्या माणसास आपल्याच घरांतून मृत्यु धाडावा, ह्याहून दुर्दैव तें कोणतें ? हल्लीं कित्येक गच्च्यांवर सूर्यप्रकाशावर वीज करणारे पट्टे बसले आहेत. बाहेरची वीज गेली कीं तेहि बंद पडतात, ह्याचें लोकांस नवल वाटतें. तें बंद पडणें दोष नव्हे. त्याच लाइनमनच्या रक्षणासाठीं तशी योजना मुद्दाम केलेली असते. वेगळी बॅटरी व तिला साजेसें यंत्र असेल, तरच ती वीज घरापुरती वापरतां येते.

जनित्राविषयीं आणखी एक गोष्ट. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. माणसास झोंप लागते आणि ती पुन्हां उतरत नाहीं. म्हणून जनित्र गॅलरींत, जिन्याखालीं किंवा कोणाच्या खिडकीखालीं ठेवूं नये. तें अंगणांत, मोकळ्यावर हवें. दारें लावून पेटविलेली कोळशाची शेगडीहि हाच वायु सोडते.

येथवर आपण तारेपासून जीव वांचविण्याचा विचार केला. आतां त्या तारेवर आपलें काय काय लोंबकळत आहे, तें पाहूं. दिवा आणि पंखा हे आपल्याला आधीं आठवतात. परंतु आपल्या शहरांत तारेबरोबर जी सर्वांत मोठी गोष्ट जाते ती म्हणजे पाणी.

आपल्या शहराचें मुख्य पाणी पैठणच्या नाथसागरांतून येतें. जायकवाडीचें तें विस्तीर्ण धरण १९७६ सालीं पुरें झालें. तें आपल्यापासून सुमारें पन्नास किलोमीटर दूर आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्या शहरापेक्षां शंभर मीटरांहून अधिक खालीं आहे. एक हजार लीटर पाणी शंभर मीटर उचलावयाचें, तर यंत्रांत कांहींहि वायां न जातां पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते; प्रत्यक्षांत त्याहून पुष्कळच लागते. म्हणजे आपल्या नळाला येणारा प्रत्येक थेंब विजेनें डोंगर चढून येतो. जायकवाडी किंवा फारोळा येथील पंप वाऱ्यापावसानें बंद पडले, कीं आपल्या गल्लींत दिवे लखलखत असले तरी नळ कोरडा राहतो. त्यांतून गेलीं कित्येक वर्षें शहराच्या बऱ्याच भागांस पाणी रोज नव्हे, तर कांहीं दिवसांच्या पाळीनें मिळत आलें आहे. पाळी एकदां चुकली कीं पुढचें सारें गणित विसकटतें. आणि पाणी खालच्या हौदांत आलेंच, तरी तें गच्चीवरच्या टाकींत चढवावयास पुन्हां वीज हवी.

गंमत अशी, कीं ह्याच शहरानें एके काळीं पाण्यासाठीं कोणत्याहि तारेचें तोंड पाहिलें नव्हतें. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें येथें खडकी वसविली, तेव्हां उत्तरेकडील डोंगराळ भागांतील भूगर्भांतलें पाणी जमिनीखालून नहरींनीं आणलें. चढाव-उताराचा नेमका हिशेब आणि पाण्याचा स्वतःचा दाब, एवढ्यावर तें हौदाहौदांत पोंचत असे. पाणचक्कीचें जातें तशाच, हर्सूलच्या बाजूनें आणलेल्या पाण्यावर फिरे आणि दर्ग्यांत उतरलेल्या माणसांचें धान्य दळी. त्या नहरींवर आजचें लाखों वस्तीचें शहर जगूं शकणार नाहीं, हें उघड आहे. परंतु त्यांचा धडा प्रत्येक घरानें घ्यावा असा आहे. उंचावर सांठविलेलें पाणी विजेवांचून खालीं येतें. म्हणून वळवाच्या दिवसांत गच्चीवरची टाकी दुपारींच भरून ठेवावी. ढग दाटल्यावर मोटर लावूं म्हणणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

पाणी किती ठेवावें ? आपत्तीच्या काळीं माणशीं दररोज निदान १५ लीटर पाणी हवें, असें मदतकार्यांत मान्य झालेलें प्रमाण आहे. पांच माणसांच्या घरास दोन दिवसांचे दीडशें लीटर झाले. त्यांपैकीं पिण्याचें व स्वयंपाकाचें पाणी झांकून निराळें ठेवावें. टाकीचें झांकण दोरीनें बांधून टाकावें. तें उडालें कीं धूळ आणि पाला आंत पडतो. नळ पुन्हां सुरू झाल्यावर पहिलें पाणी पिऊं नये. नळ रिकामे राहिले असतां फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आंत ओढली जाते. पहिल्या दोन-तीन बादल्या फरशीस किंवा संडासास वापराव्या, आणि पुढचे दोन दिवस पिण्याचें पाणी खळखळ उकळून घ्यावें.

आतां स्वयंपाकघर. शीतकपाटाचें दार न उघडल्यास आंतील थंडपणा सुमारें चार तास टिकतो. बर्फाचा कप्पा निराळा व गच्च भरलेला असेल, तर त्यांतील पदार्थ दोन दिवसांपर्यंत गोठलेले राहतात. म्हणून काय घ्यावयाचें तें आधीं ठरवून दार एकदांच उघडावें. दूध तापवून, निववून त्यास विरजण लावावें. दह्याताकाचे आणखी दोन दिवस निभतात. मांस, मासे, अंडीं घातलेले पदार्थ आणि उरलेला भात ह्यांचा मोह धरूं नये. उन्हाळ्यांत रात्रभर बाहेर राहिलेल्या भातांत जें विष तयार होतें, तें फोडणी दिल्यानें मरत नाहीं. वासावरून निवाडा करण्याची आपली जुनी खोड येथें उपयोगी पडत नाहीं.

औषधांची गोष्ट त्याहून नाजूक. मधुमेहाच्या रोग्याचें इन्सुलिन उष्णतेनें निकामी होतें. वापरावयास काढलेली कुपी साधारणतः पंचवीस-तीस अंशांपर्यंत सुमारें चार आठवडे टिकते. परंतु आपल्याकडील मे महिन्यांतील खोली चाळीसच्या घरांत असते. अशा वेळीं आपला मातीचा माठ कामास येतो. कुपी पाणी न शिरणाऱ्या डबींत घालून ती माठांत ठेवावी, माठाभोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें आणि तो वाऱ्याच्या जागीं, सावलींत ठेवावा. कोरड्या हवेंत पाणी भरभर सुकतें आणि आंतलें तपमान पुष्कळ अंशांनीं उतरतें. इन्सुलिन बर्फांत मात्र पुरूं नये. गोठल्यावर तें फुकट जातें. ज्यांच्या घरीं प्राणवायूच्या यंत्रावर जगणारें माणूस आहे, त्यांनीं भरलेलें सिलिंडर घरांत ठेवल्यावांचून उन्हाळा काढूं नये. आणि अशा घराची माहिती शेजाऱ्यांस असलीच पाहिजे.

उजेडासाठीं मेणबत्तीपेक्षां सेलचा दिवा बरा. वाऱ्यानें फडफडणारा पडदा आणि पेटती मेणबत्ती एका खोलींत असूं नयेत. फोनची बॅटरी बोलण्यापुरती राखावी. करमणुकीस ती खर्चूं नये. आणि सेलवर चालणारा एक लहानसा रेडिओ घरांत असावा. हें मी नभोवाणीवरून बोलतों आहें म्हणून सांगत नाहीं. फोनचे मनोरे विजेवरच चालतात. त्यांच्या बॅटऱ्या उतरल्या कीं हातांतला महागडा फोन मुका होतो.

हें सारें एका रात्रीपुरतें झालें. पण वीज पुष्कळ दिवस आलीच नाहीं तर? आपल्याच महाराष्ट्रानें ह्याचा अनुभव घेतला आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें रायगडच्या किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, आणि खालीं रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड व दापोली ह्या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या; विजेचे खांब हजारोंनीं मोडले. कित्येक गांवांत वीज परत यावयास आठवडेच्या आठवडे लागले. फोन बंद, विजेवरचे पंप बंद, त्यांतच करोनाचा काळ आणि डोक्यावर पावसाळा. ज्या बागायतदाराची पोफळ पडली, त्याचें पांच-सात वर्षांचें उत्पन्न गेलें. कारण नवें रोप फळाला यावयास तेवढा काळ लागतो. आपला मुलूख समुद्रापासून दूर आहे, तेव्हां तसें वादळ आपल्याकडे तसेंच येईल असें नाहीं. परंतु खांब मोडल्यावर काय होतें, हें तेथें दिसलें.

वीज पूर्ववत् करण्याचाहि एक क्रम असतो, आणि तो समजला म्हणजे पुष्कळसा संताप निवतो. आधीं मोठ्या दाबाच्या वाहिन्या व उपकेंद्रें दुरुस्त करावीं लागतात, मग फीडर म्हणजे उपकेंद्रापासून वस्तीकडे येणाऱ्या वाहिन्या, मग डीपी, आणि शेवटीं खांबावरून एकेका घरांत जाणारी तार. रुग्णालयें आणि पाण्याचे पंप ह्यांस अग्रक्रम असतो, आणि तो असावाच. समोरच्या गल्लींत दिवे आले आणि आपल्याकडे नाहीं आले, ह्याचें कारण बहुतेक वेळां ती गल्ली दुसऱ्या फीडरवर आहे एवढेंच असतें. म्हणून तक्रार करतांना 'आमच्याकडे वीज नाहीं' एवढेंच न म्हणतां, संपूर्ण आळींत नाहीं कीं आपल्या एकट्याच्या घरांत नाहीं, कोठली तार तुटली, कोणत्या खांबावर झाड पडलें, हें नेमकें सांगावें. त्यानें काम लवकर होतें.

नुकसान झालें असेल तर आवरासावर करण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें काढावीं, मोडक्या वस्तूंची यादी करावी, विमा असल्यास त्वरित कळवावें आणि सरकारी पंचनामा होईपर्यंत पुरावा जपावा. ओल्या गच्चीवर आणि सैल पत्र्यावर रात्रीं कोणीहि चढूं नये. गळतें छप्पर सकाळपर्यंत गळूं द्यावें. घसरलेला माणूस सकाळीं दुरुस्त होईलच असें नाहीं.

श्रोतेहो, ही यादी ऐकतांना लांबलचक वाटेल. परंतु तिची तयारी एका सकाळचें काम आहे. ती सकाळहि मी सुचवितों : गुढीपाडव्याची. आपण त्या सुमारास घर झाडतों, दारांस तोरण लावतों. त्याच दिवशीं गच्चीवर एक फेरी मारावी. पत्र्यांचे बोल्ट आवळावे, दगड उतरवावे, टाकीचें झांकण बांधावें, सेल बदलावे, माठ घरांत आणावा. तारांवर झुकलेल्या फांद्या स्वतः न तोडतां त्याविषयीं वीज कचेरीस लेखी कळवावें. आणि आपल्या जिन्यांत, आपल्या गल्लींत एकटें राहणारें वृद्ध माणूस कोण आहे, तें ध्यानांत ठेवावें. लिफ्ट बंद आणि नळ कोरडा असतां चौथ्या मजल्यावर पाण्याची कळशी चढविणें तरुणास कठीण नसतें. पंचाहत्तरीच्या आजींस तें अशक्य असतें. त्यांचें दार वाऱ्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत ठोठावलें गेलें पाहिजे.

मलिक अंबराच्या नहरींतून पाणी आलें तें चढाव-उताराचा हिशेब आधीं कोणीं तरी केला म्हणून. घराचाहि असाच हिशेब उजेड असतांना करावयाचा असतो. अंधार पडल्यावर फक्त त्याचें उत्तर मिळतें. तें उत्तर आपणां सर्वांस सुखाचें मिळो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.